न नेलेल्या कपड्यांची फळी

मी एका शिवणघरातली फळी बोलतेय. पाच फळ्यांच्या कपाटातली मधली. ओळखायला सोपी आहे: सगळ्यांत जास्त वाकलेली ती मी.

परवा आमच्या बाईंची मुलगी परतली. चार वर्षं लांब शिकायला होती. तिकडे ती सगळ्यांना सांगायची म्हणे, माझ्या आईचं शिवणघर बघाल तर बघतच राहाल, एक दोरा इकडचा तिकडे नसतो. दार उघडलं, तर समोर आम्ही. पोटं लोंबलेल्या पाच फळ्या आणि प्रत्येकीच्या पोटाखाली टेकू म्हणून लावलेले बटणांचे डबे.

“आई, हे काय गं?”

“काय म्हणजे? कपाट आहे.”

“कपाट कसलं, झोळी झालीय!”

बाई हसल्या नाहीत. मशीनचं चाक हाताने फिरवून त्यांनी सुई वर घेतली आणि दोरा तोडला.

मी लाकडासारखी दिसते, पण झाड मी कधी पाहिलेलं नाही. लाकडाचा भुसा चिकट रसात कालवून, दाबून मला केलं आणि वरून लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवला. खोक्यात आडवी होऊन मी इथे आले. सोबत स्क्रूची पिशवी आणि एक चित्रांचा कागद. बाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे या मुलीची मावशी, जमिनीवर बसून आम्हांला जोडत होत्या. कपाटाच्या पाठीचा पातळ पुठ्ठा मावशीला खोक्याचाच भाग वाटला. “बरा गुळगुळीत आहे गं ताई,” म्हणाली आणि तो कापड बेतायच्या टेबलावर अंथरला. आजही त्याच्यावरच खडूच्या रेघा पडतात. आम्ही मात्र पाठीवाचून उभ्या राहिलो.

त्यात ओझं वाढत गेलं. मी वाकले, तेव्हा बाईंनी माझ्याखाली डबा ठेवला. डब्याचा भार खालच्या फळीवर गेला, ती वाकली. मग तिच्याखाली दुसरा डबा. असं करत करत आम्ही सगळ्याच बसलो. एकीचं दुखणं दुसरीच्या गळ्यात घातलं, की ते बरं झाल्यासारखं दिसतं, एवढंच.

मुलगी मात्र उत्साहाने फुरफुरत होती. वस्तू फेकायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या, हे तिचं ब्रीद. इथे काय काय बदलायचं, याची वहीभर यादी तिने आणली होती. काल दुपारी तिने मला बाहेर काढलं, उलटी केली आणि पुढच्या कडेला खालून लाकडाची पट्टी लावली. स्क्रू पिळण्याआधी बारीक भोकं पाडली, नाहीतर माझा भुसा फुटला असता. शिकलेली आहे खरी.

पण मला काढायचं म्हणजे आधी रिकामं करणं आलं. जमिनीवर ढीग झाला: कोट, झगे, शाळेचे गणवेश, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेले आणि कधीच न नेलेले कपडे.

“आई, हा कोट सहा वर्षांपूर्वीचा आहे!”

“पोस्टमनचा. मागच्याच गल्लीत राहतो.”

“मग नेत का नाही?”

“पोट सुटलंय. लाजतो.”

“आणि हा झगा?”

“नर्सबाईंचा. लग्नासाठी शिवला होता. लग्न मोडलं.”

मुलगी ताडकन उठली. “लोकांना अंगावर धड कपडा नाही आणि आपण हे कोंडून ठेवलेत! मी उद्याच्या उद्या सगळं वाटून टाकते.”

“वाटशील?” बाईंचा आवाज एकदम खाली आला. “तुझे आहेत का ते? माझे तरी आहेत? कापड त्यांचं, माप त्यांचं. शिवून ठेवते म्हणून शब्द दिलाय मी.”

“मग नेऊन दे ना ज्याचं त्याला!”

बाईंनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली.

“दारात उभं राहून ‘नको’ ऐकायचं? माझ्या हातचं कुणाला नको झालंय, ते माझ्याच कानांनी?”

मुलीने वही उघडली आणि मिटली. यादीत याचा उपाय नसावा. तिने मला जागेवर बसवलं. बाईंनी सगळे कपडे पुन्हा माझ्यावर रचले, अगदी मधोमध.

आता मी सरळ आहे. दिसायला तर आहेच. पण खरं सांगते, पट्टी लावली म्हणून माझं ओझं हलकं झालेलं नाही. मी फक्त वाकायला जास्त दिवस घेईन. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. तिच्याखाली टेकू लावण्याआधी तिच्यावर काय ठेवलंय, ते एकदा उतरवून बघा.

आज सकाळी मुलगी न्याहारीच्या आधीच माझ्यासमोर उभी राहिली. चिठ्ठ्या वाचत वाचत तिने पोस्टमनचा कोट ओढून काढला आणि पायांत चपला सरकवल्या.

“आई, एकेक करून सगळे मी पोचवणार. वाटणार नाही, ज्याचे त्याला देणार. ‘नको’ म्हणाले तर मी ऐकून घेईन.”

बाई दाराशी आल्या. आता हिसकावून घेतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी कोट घेतला खरा, पण टेबलावर पसरला आणि इस्त्री लावली.

“चुरगळलेला नेतेस होय? आणि सांग त्याला, आत दोन बोटं कापड सोडलंय. सैल करून मिळेल म्हणावं.”