माझ्याभोवती बांधलेलं घर

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. लांबून पाहिलंत तर अजून बरी दिसते. जवळ आलात की कळेल, माझी चारही चाकं बसली आहेत, काचेवर धुळीचा थर आहे आणि बॉनेटवर शेजारच्या मांजराची पावलं उमटली आहेत. मी ज्या पोर्चमध्ये उभी आहे तो अगदी मापात बांधलेला आहे, आणि ते माप माझंच आहे. माणसं आधी घर बांधतात आणि मग गाडी कुठे लावायची ते बघतात. माझ्या मालकांनी उलटं केलं. आधी मला उभं केलं आणि मग माझ्याभोवती घर बांधलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथला गलका आणि रंगाचा उग्र वास एवढंच मला आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं ते मालकांच्या हाती आल्यावर. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्यांना चष्मेवालेच म्हणत. त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांना एक मुलगी होती.

तेव्हा आम्ही शहराच्या मधोमध, एका अरुंद गल्लीत राहत होतो. म्हणजे ते राहायचे तिसऱ्या मजल्यावर आणि मी रस्त्यावर, मिळेल तिथे. रोज संध्याकाळी मालक मला घेऊन जागेसाठी गल्लीत घिरट्या घालायचे. सकाळी माझ्या अंगावर नवा ओरखडा असायचा. एकदा कुणीतरी माझ्या चारही चाकांतली हवा सोडली, कारण मी त्याच्या दुकानासमोर उभी होते. नेमकी त्या दिवशी मुलीची परीक्षा होती. बापलेक धावत बसपर्यंत गेले. ती वेळेवर पोचली, पण मालकांच्या मनाला ते फार लागलं. आपल्या माणसांवर अशी धावायची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं असावं.

म्हणून त्यांनी शहराबाहेर जागा घेतली. नवी वसाहत होती ती. रस्ते आखलेले, घरं तुरळक, मध्ये वाढलेलं गवत. बाई पहिल्यांदा जागा बघायला आल्या तेव्हा उतरल्या उतरल्या चारी दिशांना बघून म्हणाल्या, "अहो, इथून बस कुठे मिळते?"

"बस कशाला हवी? ही आहे की." मालकांनी माझ्या टपावर थाप मारली.

"तुम्ही दुकानात असाल तेव्हा?"

"दुकान बंद करून येईन."

"गिऱ्हाईक समोर बसलेलं असेल तेव्हा?"

"त्यालाही घेऊन येईन. वाटेत लांबचं दिसतंय का ते तपासून होईल."

बाई हसल्या. न हसून करतात काय? आणि मित्रांनो, मालकांनी पुढे तो शब्द खरंच पाळला. गिऱ्हाईक बसलेलं असताना ते दुकान बंद करून बाईंना आणायला गेलेले मी पाहिलं आहे.

घराची आखणी झाली तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठ्या मानाचा होता. नकाशा काढणारा आर्किटेक्ट भिंती कुठे येणार ते सांगत होता. मालकांनी त्याला थांबवलं. त्यांनी मला मोकळ्या जागेवर आणलं, माझी चारही दारं सताड उघडली, डिकी उघडली आणि सगळ्यांना आत बसून उतरायला लावलं. उतरताना कुणाचा गुडघा कुठवर येतो, छत्री उघडायला किती जागा लागते, म्हातारपणी काठी टेकायला किती लागेल, सगळं बघितलं. मग चुन्याची फक्की घेऊन माझ्याभोवती पांढरी रेघ ओढली. "ही झाली गाडीची जागा," ते म्हणाले. "आता उरलेल्यात घर बसवा."

मालकांची बहीण आली होती. मुलीची आत्या. तिला हे सगळं बघून राहवलं नाही. "वहिनी, स्वयंपाकघर टपावर करायचं ठरलंय का? नाही, खाली तर कुठे दिसत नाही."

"टपावर नाही, डिकीत," बाई म्हणाल्या. "डिकी जरा ऐसपैस आहे."

स्वयंपाकघर खरंच लहान झालं. पण फाटक अगदी माझ्या नाकासमोर आलं. रस्त्यावर उतरणारा रॅम्प पहिल्यांदा जरा उभा झाला आणि माझं पोट घासलं, तर मालकांनी तो फोडून पुन्हा लांब आणि सपाट करून घेतला. वळताना आड येईल म्हणून व्हरांड्याचा खांब मागे सरकवला. आणि रोज संध्याकाळी ते मला रिव्हर्समध्ये आत घेत, म्हणजे माझं तोंड रस्त्याकडे राहायचं. "कधी घाईत निघावं लागलं तर मागे-पुढे करत बसायला नको," असं म्हणायचे. पेट्रोलची टाकी त्यांनी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही. इतक्या तयारीत राहिलेली गाडी त्या वसाहतीत दुसरी नव्हती.

पुढची वर्षं मी आनंदात काढली. मालकांनी बाईंना शाळेत सोडलं, मुलीला कॉलेजात सोडलं, दोघींना बाजारात, दवाखान्यात, मैत्रिणींकडे सोडलं. बाहेर थांबून ते स्टिअरिंगवर वर्तमानपत्र पसरून वाचायचे. त्यांना "माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं म्हणता येत नव्हतं. ते "किती वाजता येऊ?" असं विचारायचे.

बाईंना मात्र मला चालवायचं होतं. एका रविवारी मालक त्यांना घेऊन समोरच्या मोकळ्या रस्त्यावर आले. बाई स्टिअरिंगवर बसल्या, मालक शेजारी. पण त्यांचा एक हात हँडब्रेकवर आणि दुसरा स्टिअरिंगवर.

"अहो, हात काढा ना. दोघांनी धरल्यावर मी काय शिकणार?"

"काढतो, काढतो. तू समोर बघ."

काढला नाही. तेवढ्यात समोरून एक सायकलवाला आला. बाईंना तो दिसला होता, त्यांचा पाय ब्रेककडे चाललाही होता. पण मालकांनी घाबरून स्टिअरिंग खेचलं आणि माझं चाक गटाराच्या कडेवर आदळलं. सायकलवाला मागे वळूनही न बघता निघून गेला.

"राहू दे," मालक मायेनं म्हणाले. "कशाला हा ताप तुला? मी आहे ना."

बाई दार उघडून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. पुढे मुलीनं मागितलं, तेव्हा "एवढ्या गर्दीत तुला कुठे जमणार?" असं उत्तर मिळालं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथे ती बसनं फिरायची. मालकांना याची हळहळ वाटायची. इतक्या लांब जाऊन ते तिला रोज सोडू शकत नव्हते.

आता जे सांगणार आहे ते लांबवणार नाही.

दुपारची वेळ होती, कामाचा वार. बाई तोवर शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. दुकानातून जेवायला आलेले मालक जेवण झाल्यावर माझी काच पुसत होते. पुसता पुसता त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. मग ते माझ्या चाकाला टेकून हळूच खाली बसले, जणू काही खाली वाकून बघायचं होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा मालकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

बाईंनी अँब्युलन्सला फोन केला. निघतेय म्हणाले, पण शहराच्या पलीकडच्या टोकाहून. मग त्या रस्त्यावर येऊन हाका मारू लागल्या. मित्रांनो, त्या वेळी मला आमची वसाहत पहिल्यांदा नीट दिसली. आमच्यासारखीच घरं होती सगळी. प्रत्येकाला पोर्च, प्रत्येकाला रॅम्प, आणि दुपारी सगळे पोर्च रिकामे. गाड्या चालवणारे गाड्या घेऊन कामावर गेलेले. मागे उरलेली होती ती ज्यांना कुणीतरी सोडायला-आणायला लागतं अशी माणसं. समोरच्या घरातली सून कडेवर लेकरू घेऊन धावत आली. पलीकडचे आजोबा आले, पण मोतीबिंदूमुळे त्यांना मी उभी आहे की चालले आहे हेही धड दिसत नव्हतं. आणि भरल्या टाकीची, रस्त्याकडे तोंड केलेली मी तिथे उभी.

सगळ्यांनी मिळून मालकांना मागच्या सीटवर आडवं केलं. सुनेनं लेकरू आजोबांकडे दिलं आणि मालकांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाईंनी मालकांच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या स्टिअरिंगवर बसल्या.

मी पहिल्या फिरकीला सुरू झाले. माझ्या हातात तेवढंच होतं. बाईंनी गिअर टाकला, पाय सोडला, मी गचका खाऊन बंद पडले. पुन्हा सुरू. पुन्हा गचका. तिसऱ्यांदाही तेच.

"बाई, काका काहीतरी करतायत," सून म्हणाली.

मालकांचा उजवा हात उठला होता. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. पण तळहात हवेत सपाट धरून ते तो सावकाश वर उचलत होते. अगदी सावकाश. बाईंनी आरशात पाहिलं. डावा पाय असा उचलायचा, हे ते सांगत होते.

"हळू?" बाईंनी विचारलं.

हात पुन्हा तसाच वर आला.

बाईंनी क्लच तसाच सोडला आणि मी चालू लागले. रॅम्पवरून, फाटकातून, सरळ. पहिल्याच गिअरमध्ये, किंचाळत. दुसरा गिअर कसा टाकायचा ते बाईंना माहीत नव्हतं आणि मालकांचा हात एव्हाना खाली पडला होता. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, एकानं काच खाली करून शिवीही दिली. बाईंनी मला थांबवलं नाही. अँब्युलन्स आम्हाला कुठे भेटलीच नाही. इंजिनातून धूर यायला लागला तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो.

मी तिथे तिरकी उभी राहिले. पहारेकरी येऊन ओरडायचा, "कुणाची गाडी? हलवा!" हलवणारं कुणी नव्हतं. तो ओरडला, मग दमला, मग माझ्या सावलीत खुर्ची टाकून बसायला लागला. मालक त्या दारातून परत आले नाहीत. डॉक्टर "उशीर झाला" एवढंच म्हणाले होते, हे मी नंतर ऐकलं.

मुलगी आली ती बाईंबरोबर माझ्यातलं सामान काढायला. मागच्या सीटखाली मालकांचा चष्मा सापडला. तो हातात धरून दोघी माझ्यात बसून राहिल्या.

"आई, बाबांनी कुणाला तरी शिकवायला हवं होतं गं."

"तू मागितलं होतंस?"

"मागितलं होतं."

"मीही."

मग बाईंनी तो चष्मा पदरानं पुसला, घडी घातली आणि म्हणाल्या, "त्यांच्या मनात वाईट नव्हतं." मुलीनं मान हलवली. तिलाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला रागावताही येत नव्हतं.

एका मेकॅनिकनं मला घरी आणून सोडलं. इंजिन दुरुस्त करायला कुणी सांगितलं नाही. बाईंना आता भाजी आणायची तर उन्हातून मोठ्या रस्त्यापर्यंत चालावं लागतं. परत येताना त्या पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवतात आणि दम खातात. शेवटी त्यांनी घर विकायचं ठरवलं.

परवा एक जोडपं बघायला आलं. नवऱ्याला घरात शिरण्याआधीच पोर्च आवडला. "जागा काय मस्त काढलीय हो! गाडी थेट बाहेर." तो पावलांनी अंतर मोजत, रॅम्पचा उतार बघत फिरू लागला. बायको बाजूला पर्स धरून उभी होती.

बाईंनी तिला विचारलं, "तुला गाडी येते का गं?"

"नाही हो. भीती वाटते मला."

बाईंनी आतून किल्ली आणली आणि माझं दार उघडलं. "बस."

"अहो, पण..."

"बस तर खरी. बंदच आहे ती, कुठे जात नाही. डावा पाय इथे ठेव. दाब. आता हळूहळू सोड."

नवरा लगबगीनं आला. "काकू, आम्ही घर बघायला आलोय."

"तेच दाखवतेय," बाई म्हणाल्या.

त्या पोरीनं क्लच दाबला आणि सोडला. पुन्हा दाबला. गंजलेली स्प्रिंग करकरली, पण मला बरं वाटलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल. गाडीला जागा जरूर ठेवा, रॅम्प सोपा ठेवा, वळायला वाव ठेवा. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला कायम शेजारच्या सीटवर बसवून ठेवू नका.