शून्य ते सात टक्के

चाळीस चिठ्ठ्या उघडल्या. एकोणचाळीसांवर 'सोबत' होतं आणि एकीवर 'एकट्यानं'.

बार्शीटाकळीच्या त्या शाळेत बारावीला संख्याशास्त्र शिकवणारे सुगत वानखडे सर खिडकीशी उभे होते. प्रकल्प साधा होता. तीनशे ऐंशी विद्यार्थी आणि वीस शिक्षक-शिपाई, अशी चारशेंची यादी. डब्यातून चाळीस नंबर उचलायचे, त्यांच्याकडून निनावी चिठ्ठ्या घ्यायच्या आणि त्यावरून सगळ्या शाळेचं प्रमाण किती ते किती टक्के असेल, हे काढायचं. प्रश्न पोरांनीच ठरवला: काल रात्री जेवण कोणासोबत केलं की एकट्यानं?

आणि नशीब असं खट्याळ, की सरांचाच नंबर निघाला. बायको माधवीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. 'सोबत' लिहिलं असतं तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? पण 'माहिती खरी द्या' म्हणून जन्मभर पोरांचं डोकं खाल्लेलं. म्हणून खरं लिहिलं.

फळ्यावर वर्षाली होती. "सर, खालचं टोक उणे दोन पूर्णांक तीन टक्के येऊन राह्यलं."

"मानसं उणे असतात काय वं?" योगेश बाकावरून ओरडला. "शून्य लिही!"

तिनं लिहिलं: शून्य ते सात टक्के. "मंजे सर, साऱ्या शाळेत एकटं जेवनारं कोनीच नसन, असंबी होऊ शकते."

सरांना ते झोंबलं. "शून्य कसं होईल? एक चिठ्ठी आहे ना हातात?"

"मस्करी केली कोनं तरी," योगेश म्हणाला. "घरी एकटं कोन जेवते सर? फेकून द्या ते चिठ्ठी."

वर्षालीनं चिठ्ठी चुरगाळलीसुद्धा. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

"फेकू नका," सर म्हणाले. "माझी आहे."

आता कोणीतरी विचारेल, असं सरांना वाटलं. 'काहून सर?' एवढं दोन शब्दांचं. खोटं कशाला बोला, त्यासाठी त्यांचा जीव आसुसला होता.

"माय वं! तुमची व्हय सर?" वर्षालीचा जीव भांड्यात पडला. "मी तं घाबरलीच होती, पोरायमंदी कोन असं एकटं राह्यते म्हनून. मंग सोपं आहे. मास्तर लोकाईले यादीतून काढून टाकू. निस्ती पोरं धरली तं शून्यच येते."

सगळा वर्ग मोकळा हसला. त्यात वाईट काहीच नव्हतं.

चिठ्ठ्यांत शून्य म्हणजे शाळेत शून्य नव्हे, हा पुढचा धडा होता. सरांना तो तिथंच सांगता आला असता. ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि वर्षालीनं पट्टी धरून यादीतली शेवटची वीस नावं खोडली.