उभ्या गाडीतली आई

धुक्याला आवाज असेल तर माझ्या कानांत तो आईच्या गाडीचा आहे. फरीदाबादच्या जानेवारीत सकाळ उजाडत नाही, नुसती फिकट होत जाते. समोरची इमारत, आवारातला कडुनिंब, कुंपणाची भिंत, सारे दुधात विरघळलेले असते, आणि त्या दुधाच्या तळातून एक घोगरा स्टार्टर खाकरतो, थांबतो, पुन्हा खाकरतो, आणि मग संथ, एकसुरी घरघर वर येऊ लागते. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचे, आई खाली गेली आहे. राखाडी शाल, कानटोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, श्वासांनी धूसर झालेली काच. आणि ती पांढरी, जुनी, छोटी गाडी जागची तसूभरही हलत नाही.

दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझे बालपण गेले. बाबा लवकर गेले आणि त्यानंतर आई दोन गोष्टी शिकली, एकटीने झोपणे आणि गाडी चालवणे. तेव्हाची गाडी थंडीत रुसणारी होती. चोक ओढून, बराच वेळ गरम करून मगच ती निघे. आईचा डावा तळवा गिअरच्या मुठीवर असा टेकलेला असायचा, जणू तापलेल्या मुलाच्या कपाळावर. मध्येच ती मान किंचित तिरकी करी, रेडिओ बंद करी, आणि ऐके. ‘हिचा घसा बसलाय’, ‘चढावर धाप लागतेय बघ’, ‘आज कण्हतेय’. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे पुष्कळ मराठी शब्द हरवतात. माझे हे तेवढे उरले, कारण ते मला मागच्या सीटवर भेटले होते. नंतर गाडी बदलली, आई निवृत्त झाली, माझ्याकडे राहायला आली, तरी हाताची आणि मानेची ती ढब बदलली नाही. उतरत्या उन्हात ती गाडी चालवत घरी येई, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक निवांत, कोवळे तेज असे, जे मला घरात कधी दिसले नाही.

ते तेज मी विझवले. दिवाळीनंतर एका संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधून आत येताना तिची गाडी खांबाला घासली आणि चौकीदार उडी मारून बाजूला झाला. कुणाला काही झाले नाही. पण मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस सर्वांत कठोर शस्त्र उचलतो. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, “आई, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. गाडी गेटबाहेर काढायची नाही.”

तिने हात काढून घेतला. मग म्हणाली, “अच्छा. बरं.”

एवढेच. मुलाच्या जिवाची शपथ आमच्या घरात कुणी मोडत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच तर मी ती घातली होती. गुरुग्रामच्या कचेरीत हाताखालच्या माणसांशी मी ज्या आवाजात बोलतो, तोच आवाज तेव्हा माझ्या तोंडून आला होता, आणि त्याला मी काळजी म्हणत होतो.

तिने शपथ अक्षरशः पाळली. गाडी गेटच्या आत राहिली. फक्त रोज पहाटे आई खाली जाई, इंजिन सुरू करी, काही वेळ बसे, बंद करून वर येई. विचारले तर म्हणे, “बॅटरी उतरते रे उभी राहून.”

फेब्रुवारी सरत आला. दिल्लीकडे पानगळ वसंतात होते. एकीकडे काटेसावर लाल फुलते आणि दुसरीकडे पिंपळ, कडुनिंब आपली पाने वाऱ्यावर सोडून देतात. अशा एका सकाळी आईला डोळे तपासायला न्यायचे होते. माझी गाडी बायको घेऊन गेली होती, म्हणून मी आईची काढली. पुलाच्या चढावर गाडी आचके देऊ लागली, आणि सिग्नलला थांबताच विझली. पुन्हा चालू केली, पुन्हा विझली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी ओशाळलो होतो, तरी आत कुठेतरी सुटल्यासारखे वाटत होते, हे लपवून काय उपयोग? गाडी गेली तर प्रश्नच मिटेल. मला पुन्हा कधी नको म्हणावे लागणार नाही.

“आई, वय झालंय हिचं. भंगारात देऊन टाकू.”

“आधी दुखणं काय ते तरी कळू दे,” ती म्हणाली. “वय झालं, हे काय दुखणं असतं होय?”

सेक्टरच्या बाजारात बलबीर नावाच्या मेकॅनिककडे गाडी कशीबशी नेली. त्याने बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला. “पंप गया जी. पुरानी गाड़ी है, अब तो लगा ही रहेगा.”

आई खुर्चीवरून उठली. “पंप नहीं है, भैया. पंप जाता तो चढ़ाई पर बंद होती. वहाँ झटके देती है, पर बंद नहीं होती. एक्सिलरेटर से पैर उठाओ, तब मरती है.”

“माताजी, आप ही खोल लो फिर! मैं चाय पीता हूँ.”

“चाय बाद में. पहले थ्रॉटल देखो, फिर प्लग.”

तो हसला, पण पाना उचलला. इंजिनाला हवा पुरवणारी ती नळी उघडली तेव्हा आतली झडप काजळाने माखलेली होती. प्लग एकेक बाहेर आले, चुलीतून काढल्यासारखे काळे.

“ये तो खड़ी-खड़ी चलाई है किसी ने,” बलबीर म्हणाला. “ठंडी गाड़ी, रोज़ थोड़ी-थोड़ी. सारा कार्बन अंदर ही जम गया. सड़क ही नहीं दिखाई बेचारी को.”

आई त्या काळ्या प्लगांवर वाकली. मग हलकेच, मराठीत, जणू त्यांनाच म्हणाली, “माझंच चुकलं. आधीच्या गाडीला असं उभ्यानं गरम केलेलं चालायचं, तेच हिला करत बसले.”

तिच्या तोंडचा तो ‘माझंच’ माझ्या छातीत रुतला. ती काजळी तिच्या हाताने जमली होती, पण माझ्या शब्दाने. किती पहाटा ती त्या धूसर काचेमागे, मनाने रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबली असेल, माझ्या जिवाला जपत!

सफाई झाली, नवे प्लग बसले. बॉनेट आपटत बलबीर म्हणाला, “अब इसे खुली सड़क पर दौड़ाओ. प्यार से नहीं, दबा के.”

आई सरळ डाव्या दाराशी गेली. किल्ली मी तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला.

“शपथ आहे ना.”

“सुटली,” मी म्हणालो.

“असं तोंडातल्या तोंडात नाही सुटत. नीट म्हण.”

“आई, शपथ सुटली.” मी मोठ्याने म्हणालो. बलबीर उगाच हात पुसत दुसरीकडे बघू लागला.

तिने सीट पुढे ओढली, आरसा फिरवला. “आता ब्रेकवर पाय असल्यासारखा बसू नकोस,” ती म्हणाली.

गुरुग्रामच्या रस्त्यावर, अरवलीच्या तपकिरी टेकड्यांमधून गाडी धावू लागली. सुरुवातीला मागून काळसर धूर आला, मग तो निवळला. चढावर तिने गिअर उतरवला, मान तिरकी केली, ऐकले, आणि तिच्या गालावर दुपारचे ऊन येऊन थांबले. माझी भीती गेली नव्हती. वळणावर माझी बोटे सीटच्या कडेवर आवळत होती. मागची घाई झालेली गाडी हॉर्न देत पुढे गेली. “जा बाबा, जा,” आई म्हणाली आणि हसली. मी रस्त्याकडे पाहायचे सोडून तिच्याकडेच पाहत राहिलो.

माणूस जाण्याच्या कितीतरी आधीपासून थोडा थोडा नाहीसा होत असतो, आणि पुष्कळदा आपल्याच मायेच्या हातांनी. पुढे आठवणीत त्याला शोधू लागलो की सापडते ती केवळ आपण आखून दिलेली जागा. त्या दुपारी काळाने मला थोडी उसंत दिली, म्हणून आई नसेल तेव्हा ती मला उभ्या गाडीत नाही, वाऱ्यात दिसेल, दूर जाताना दिसेल, आणि मी तिला थांब म्हणणार नाही.