कोपाची पुडी

शिलाईच्या हॉलमधली यंत्रं थांबली होती आणि बाया महाराजांच्या पायांवर लोटांगण घालत होत्या. मघाशी थोरल्या जावेच्या हातातून कात्री गळून पडली होती. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलायला जावं तर बोबडी. महाराजांनी तिच्या कपाळावर अंगठा टेकला, काहीबाही पुटपुटले, आणि थोड्या वेळाने थोरली चक्क उठून बसली. "पाणी द्या गं," म्हणाली.

"कोप उतरला!" महाराज गरजले. "मध्ये पुडी चुकवलीस ना, बाळे? आता रोज दोन घ्यायच्या!"

महाराज सगळ्या बायांना रोज पुडी द्यायचे; ती घेतली की महिन्याची कटकटच बंद. इथे पाळीच्या दिवसांत यंत्र सोडून उठलं की मुकादम हजेरी कापायचा. महाराजांना हॉलमध्ये आणलं होतं तेही त्यानेच.

धाकटी जाऊ मात्र मनातून पेटली होती. "ताई, दवाखान्यात चला."

"अगं, बरी झालेय मी. कशाला हसं करून घेतेस?"

"रात्रंदिवस कात्री चालवणारा हात तुमचा. तो उगाच लुळा पडेल?"

धाकटीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?"

"पुडी सुरू झाल्यापासून," थोरली पुटपुटली.

"आणि पुडी चुकली की?"

थोरली लाजली. धाकटी म्हणाली, "पाळी येते. मागे पुड्या संपल्या, तर सगळ्या हॉलला एकाच आठवड्यात आली. महाराज म्हणाले, अश्रद्धेचा कोप."

"कोप कसला डोंबलाचा! संततिनियमनाच्या गोळ्या कुटून देतोय मेला. रोज घेतली की पाळी थांबते, सोडली की येते. तपासून दिली तर बहुतेकींना ती सोसते. पण रक्तदाब असला, अशी डोकेदुखी असली, तर मेंदूत गुठळी अडकण्याचा धोका वाढतो. आजची आपोआप सुटली. पुढची सुटेलच असं नाही."

"आणि दोन पुड्या घेतल्या असत्या तर?"

डॉक्टरीणबाईंनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. त्यांनी थोरलीला तडक मोठ्या रुग्णालयात धाडलं आणि धाकटीकडची पुडी तपासणीला दिली. चार दिवसांनी कळलं, पिठीसाखरेत तीच गोळी निघाली.

धाकटी हॉलमध्ये परतली तेव्हा महाराज पुड्या वाटत होते. "कशाची आहे हो ही?"

"दुर्गम डोंगरातली मुळी, बाळे."

"मुळी? औषधाच्या दुकानातली गोळी आहे ती!" आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आजारी पाडणाराही हाच आणि बरं करणाराही हाच?" काजं करणारी म्हातारी ओरडली.

"बरं कसलं करतोय, मावशी! झटका आपला आपण ओसरला. याने नुसता अंगठा टेकला."

महाराजांना झोळी आवरायची घाई झाली. मुकादम खेकसला, "चला, कामाला लागा!" एकही बाई बसली नाही.

"बायांनो," धाकटी ठणकावून म्हणाली, "तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घटकाभरात बरं वाटलं तरी दवाखाना गाठा. काय गिळतोय ते विचारल्याशिवाय गिळू नका. आणि पाळी आली म्हणून जिथे हजेरी कापतात, तिथे नियम बदलायचा असतो. आपलं शरीर नव्हे!"