दुपारभर बंद राहिलेला डबा

मित्रांनो, मला उचलताना एक हात खालून लावा. मी एक जुना, चार पुडांचा डबा आहे आणि माझी कडी सैल झाली आहे. हातातून निसटलो तर माझे चार पूड चार दिशांना पळतील. मी सारखा खडखडतो म्हणून मला नावं ठेवू नका. स्वस्थ बसणं माझ्या नशिबात कधी नव्हतंच, आणि आता ते स्वभावातही उरलेलं नाही.

एका अरुंद गल्लीतल्या भांड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी दुकानाच्या फळीवर आलो. एके दिवशी एका बाईने माझे पूड सुटे करून पुन्हा बसवले, झाकण बोटाने वाजवून पाहिलं, आणि किंमत ऐकून मला फळीवर परत ठेवून दिलं. ती दारापर्यंत गेली. तिथे थांबली, आणि मागे फिरली. मला घरी नेलं ते तिनेच. पण तेव्हापासून दारापर्यंत गेलेलं माणूस मागे वळेल की नाही, ही धाकधूक माझ्या पोटात बसली ती बसलीच.

त्या बाईला सगळे काकू म्हणत. तिचा नवरा एका कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायचा. पुढे ती नोकरी सोडून त्याने लग्नकार्यांत जेवण पुरवण्याचा धंदा काढला. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच असायचं. पाचशे माणसं आहेत, जमेल ना? होऊन जाईल. उघड्यावर चूल मांडावी लागेल. होऊन जाईल. पाणी दोन मजले वर चढवायचंय. होऊन जाईल. त्यामुळे त्याचं नावच होऊनजाईल काका पडलं.

लग्नघरची माणसं जेवण ठरवण्याआधी चव बघायला मागतात. तेव्हा काकू घरच्या लहान शेगडीवर जीव ओतून थोडं थोडं रांधायची, माझे चारही पूड भरायची, आणि काका मला स्कूटरला अडकवून त्या घरी नेऊन द्यायचा. म्हणून मी नमुन्याचा डबा झालो. किती घरं पाहिली मी! प्रत्येक घरात माझ्याभोवती गर्दी व्हायची. एकाला मीठ कमी लागायचं, दुसऱ्याला त्याच घासात जास्त. ज्याचा या लग्नाशी काडीचा संबंध नाही तो शेजारी सगळ्यांत मोठा चमचा घेऊन यायचा. आणि ज्याच्या खिशातून पैसे जायचे, तो सर्वांत कमी खायचा. सगळे मला नावाजत. काम पक्कं झालं की काका माझ्या झाकणावर टपली मारायचा.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. मी लग्न कधीच पाहिलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मोठमोठी पातेली टेम्पोत चढायची आणि मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत राहायचो. भात पुरला का? माझ्यातली चव त्या पातेल्यात उतरली का? शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे; पण भात कसा निघाला, हे शिताला येऊन कोण सांगणार? दिवसभर मी नुसता तळमळायचो. संध्याकाळी दमलेला काका यायचा आणि पाय पसरून झोपायचा.

मग प्लास्टिकचे हलके डबे आले. नमुना द्या आणि विसरून जा, परत आणायची कटकट नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. धूळ बसली, कडीचा खिळा सैल झाला. खाली कोणाचं लग्न ठरतंय एवढं ऐकू यायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा. एके सकाळी प्लास्टिकचे डबे संपले होते आणि काकाला घाई होती. काकूने स्टुलावर चढून मला खाली ओढलं, राखेने घासलं, आणि कितीतरी वर्षांनी माझे पूड भरले. वरच्यात तळलेल्या कुरकुरीत चकत्या, त्याखाली रस्साभाजी, मग भात आणि तळाच्या पुडात दुधाचं गोड.

मी पोचलो ते घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. दोनच खोल्या. घडीचं टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्या टेबलाभोवती चौघं बसली होती. नवरी मुलगी, तिचे आईबाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. बाबा छापखान्यात यंत्रावर काम करत. जेवणासाठी त्यांनी एक रक्कम बाजूला ठेवली होती आणि त्यापुढे एक पैसाही जाणार नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळ्यांना पटतं, पण कोणाचे पाय आखडायचे यावर त्या घरात आठवडाभर धुसफूस चालू होती.

माझ्या आधी दोघांचे नमुने होऊन गेले होते. पहिल्याने आपल्या चकचकीत दालनात बोलावून वाफाळतं जेवण घातलं. सगळे तृप्त झाले, पण त्याच्या दराने निम्मी माणसं जेवली असती आणि निम्म्यांनी बघत बसायचं. दुसरा स्वस्त होता. त्याच्या भाजीवरचं तेल पाहून आईने ताट हळूच पुढे सरकवलं होतं. आमचा काका मधला. तरी त्याच्या दराने एकचतुर्थांश माणसं कापावी लागत होती.

"छापखान्यातल्या लोकांना नंतर एकदा घरी बोलावू," आई म्हणाली. "ते काही मनावर घेणार नाहीत."

बाबांनी खिशातला रुमाल काढला, परत ठेवला.

"मी चार महिने अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा माझ्या पाळ्या त्यांनी ओढल्या," ते अखेर म्हणाले. "माझा पगार त्यांनी कापू दिला नाही. आता माझ्या मुलीच्या जेवणातून त्यांनाच कापू?"

"मग माझ्या मैत्रिणी काढा," नवरी म्हणाली.

"वेडी आहेस का? तुझं लग्न आहे."

"बाबा, कोणालातरी काढावंच लागेल ना! रोज तेच तेच काय बोलायचं?"

तिचा आवाज चढला आणि डोळेही भरले. आईने विषय संपवायला माझ्या कडीला हात घातला. "आधी खाऊन तर बघू. आणि हे बघा, छापखान्यातले लोक पाळी संपवून येणार, म्हणजे अगदी शेवटी. तोवर काय उरणार आहे त्यांच्यासाठी?"

'शेवटी' म्हटल्याबरोबर आत्याने मान वर केली आणि माझ्या झाकणावर आपला पंजा ठेवला.

"थांबा. हा आत्ता उघडायचा नाही."

"अहो ताई, गार होईल!"

"होऊ दे की गार. लग्नात शेवटच्या माणसाला जेव्हा मिळेल, तेव्हा उघडू."

तिने मला उचलून खिडकीजवळ ठेवलं. मित्रांनो, ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. डबा भरलेला आणि घरातली माणसं भुकेली, असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. आतली वाफ झाकणाला लागून थेंब थेंब गळायला लागली. वरच्या पुडातल्या चकत्या ओल्या होत चालल्या. तळाशी दुधाची काहीतरी कुरकुर सुरू झाली. उघडा, उघडा, असं मी ओरडत होतो. त्यांना फक्त कडी वाजलेली ऐकू येत होती. बाबा येरझाऱ्या घालत होते. नवरी तीनदा माझ्याजवळ आली आणि आत्याकडे बघून तीनदा परत गेली. शेवटी त्यांनी कालचं काहीतरी खाऊन भूक मारली.

ऊन उतरल्यावर काका मला न्यायला आला. दारातूनच त्याने विचारलं, "काय मग, आवडलं ना?"

"अजून उघडला नाही," आत्या म्हणाली.

काकाचा चेहरा पडला. "अहो, ते गरम खायचं असतं! काकूने सकाळी केलंय ते!"

"तुमच्याकडे लग्नात शेवटच्या माणसाला गरम मिळतं?"

"होऊन जाईल की."

"काय होऊन जाईल? बसा. आपण मिळूनच खाऊ."

माझं झाकण निघालं. चकत्या लोळागोळा झाल्या होत्या. दुधाचं गोड फुटून पाणी सुटलं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. काका खाली बघू लागला. माझी तर शरमेने मान वर होईना. पण आत्याने भात आणि रस्साभाजी कालवली, एक घास घेतला आणि भावाच्या पुढे ताट सरकवलं. बाबांनी खाल्लं. मग पुन्हा घेतलं. सकाळपासून मुरून भाजी आणखीच चवदार झाली होती.

"जे टिकलं तेवढंच ठेवा," आत्या म्हणाली. "तळलेलं नको. दुधाचं नको. एक कोरडं गोड करा, जे संध्याकाळपर्यंत चांगलं राहील. आणि आता दर सांगा."

"ताई, एवढेच पदार्थ? लोक मला नावं ठेवतील. माझा धंदा आहे."

आत्याने घास खाली ठेवला. "माझ्या लग्नात सतरा पदार्थ होते. लोक आजही सांगतात. आमची आई सगळ्यांना वाढत राहिली आणि सगळ्यांत शेवटी बसली. तोवर सगळं आंबलं होतं. बभ्रा नको म्हणून ती मुकाट्याने जेवली. मी निघाले तेव्हा ती आतल्या खोलीत ओकत होती. मला निरोप द्यायला माझी आई दारापर्यंत येऊ शकली नाही." ती बाबांकडे वळली. "तू लहान होतास. तुला खेळायला बाहेर पाठवलं होतं."

खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. मग काकाने हळूच नवा दर सांगितला. नवरीने पेन्सिल घेऊन गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला. मग कागद बाबांपुढे धरला.

"बसतात, बाबा. छापखान्यातले सगळे बसतात."

आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हती. पाळीवरची माणसं आली की मगच भाताचं शेवटचं पातेलं चढवायचं, ही तिची दुसरी अट. तिसरी अट माझ्याबद्दल होती. "हा डबा लग्नाला आणायचा. जेवणं सुरू होण्याआधी हा भरायचा आणि बाजूला ठेवायचा. वहिनीसाठी. ती स्वतःहून जेवणार नाही, मी ओळखते तिला."

आम्ही सगळे काकाच्या ठरलेल्या उत्तराची वाट बघत होतो. काका माझ्याकडे बघत राहिला.

"करतो," तो म्हणाला.

आणि मित्रांनो, मी लग्न पाहिलं! सभागृहामागच्या स्वयंपाकघरात, एका उंच फळीवर, भरल्या पोटाने. तुम्हाला वाटेल आता तरी मी निवांत असेन. कसला निवांत! पातेल्याचा तळ दिसला की मी दचकायचो. एक जाडजूड गृहस्थ "एवढंच?" म्हणाले, आणि तेच भाजी तीनदा घेऊन गेले. दिवे लागले तशी छापखान्यातली माणसं आली. नखांतली शाई धुऊन निघाली नव्हती, शर्ट मात्र इस्त्रीचे होते. अवघडून एका कोपऱ्यात उभी होती. काकाने पातेलं चढवलं. भाताची वाफ समोर आली तेव्हा बाबांनी वाढप्याच्या हातातून पळी काढून घेतली आणि प्रत्येकाला स्वतः वाढलं. त्यांच्यातला एक म्हातारा यंत्रवाला म्हणाला, "अरे, आम्हाला गरम?" एवढंच म्हणाला, आणि मान खाली घालून जेवू लागला.

आई मात्र इकडून तिकडे धावतच होती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. नवरीची निघायची वेळ झाली. आईने घाईघाईने मला फळीवरून काढलं. "अगं बाई, तो गाडीवाला उपाशी असेल, त्याला देते हे."

"तो केव्हाच जेवला," आत्याने तिची वाट अडवली. "हे तुझं आहे. बस इथे."

"ताई, घास उतरणार नाही हो."

"नाही उतरला तरी खा. मी उभी आहे."

आई एका उलट्या खोक्यावर बसली. आत्याने माझे पूड उघडले. सगळं जसंच्या तसं होतं. मी दिवसभर नुसता खडखडत होतो, पण आतलं मी जपलं होतं. आई रडत रडत जेवली. मग हात धुतला न धुतला आणि पदराला पुसत बाहेर पळाली.

नवरी दारात उभी होती, मागे वळून गर्दीत कोणालातरी शोधत. आई गर्दीतून वाट काढत दारापर्यंत पोचली. मुलीने तिला मिठी मारली तेव्हा आत्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या हातात होतो, रिकामा.

"आली," ती स्वतःशीच म्हणाली. "दारापर्यंत आली."

माझी कडी खडखडत होती. पण मित्रांनो, त्या वेळी ती मी वाजवत नव्हतो.

आता मी पुन्हा काकूच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. कडीचा खिळा कोणी घट्ट करून दिलात तर उपकार होतील. तेवढी सवड नसेल तर राहू द्या. पण कुठे जेवायला गेलात आणि पोट भरलं, की हात धुवायला उठण्याआधी एकदा आत, स्वयंपाकघरात डोकवा. तिथे जी कोणी अजून उभी असेल, तिला म्हणा, "आता तुम्ही बसा." आणि ती जेवेपर्यंत तिथून हलू नका.