बसायची उंची

मिस्त्री थकला होता, आणि थकलो असं म्हणायचाही आता त्याला कंटाळा आला होता. दुकान बंद करून दोन वर्षं झालेली. तरी नऊ दिवस तो अंगणात दोन खुर्च्यांपायी खपत होता. रंधा चार वेळा मारला की दम लागायचा, मनगट ठणकायचं, आणि चष्मा दिवसभर कपाळावरून नाकावर, नाकावरून कपाळावर.

ड्रॉइंग मुलीनं पाठवलं होतं. फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, रविवारी येते. आई खुर्चीतून आपली आपण उठली तर ठीक. नाहीतर मी तिला माझ्याकडे नेणार. तुम्ही तरी किती दिवस उचलणार?" मिस्त्री "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. बायको नसलेलं घर त्याला डोळ्यासमोर आणवेना.

ड्रॉइंग त्यानं तंतोतंत पाळलं. पाठीचा कल, हातांची रुंदी, पावसाचं पाणी निथळायला फळ्यांमधली फट, सगळं कागदाबरहुकूम. उंचीच्या जागी मात्र आकडाच नव्हता. 'बसणाऱ्याचं माप घ्या' एवढंच लिहिलं होतं. मिस्त्रीला हसू आलं. बायकोचं माप त्याला तोंडपाठ होतं. लग्नाच्या वर्षी तिच्यासाठी स्वयंपाकघरातलं स्टूल त्यानंच केलं होतं, पंधरा इंचांचं. त्यानं त्या हिशोबानं पाय कापले, सरस लावला आणि स्क्रू असे आवळले की बापजन्मी सुटू नयेत.

शनिवारी दुपारी त्यानं तिला धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. तिनं लाकडावरून हात फिरवला. "हत्ती बसला तरी हलायची नाही हो."

"आता ऊठ बघू."

तिनं जोर लावला. वीतभर उचलली गेली आणि धपकन खाली बसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री पुढे धावला, तर तिनं त्याचा हात झटकला.

"पंधरा घेतलंत ना? स्टुलाचं?"

मिस्त्रीनं चष्मा कपाळावर सारला.

"ते स्टूल मी चार वर्षांपूर्वी माळ्यावर टाकायला लावलं. त्यावरून उठवेना म्हणून. लोकांच्या दारं-खिडक्यांची मापं घेत जन्म घालवलात, माझं घ्यायला काय धाड भरली होती?"

का घेतलं नाही, ते त्याला ठाऊक होतं. टेप घेऊन समोर बसला असता तर ती उठताना कशी लटपटते ते नीट बघावं लागलं असतं. ते त्याला बघवत नव्हतं.

त्यानं तिला उठवलं. उरलेल्या फळ्या खुर्चीच्या बैठकीवर एकेक करून रचत गेला आणि दर वेळी तिला वर बसवलं. या खेपेस त्यानं नजर वळवली नाही. सोळा इंचांवर ती पुन्हा वीतभरच उचलली गेली. सतरावर अर्धी उठली आणि शिवी हासडून खाली बसली. अठरावर दोन्ही हात मांड्यांवर रेटून ती उठली, डगमगली, उभी राहिली. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून ड्रॉइंगवर अठरा लिहिलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

"पाय नवे करायला लागणार," तो म्हणाला. "सरस वाळलाय, जुने सुटायचे नाहीत. कापूनच काढतो."

"थांबा. आधी तुम्ही बसा त्या दुसरीत."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. खरं तर बरं वाटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली होती. मग उठायला गेला आणि उठता येईना. पुन्हा जोर लावला. गुडघ्यात कळ आली आणि तो होता तिथेच राहिला. त्यानं चोरून बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

ती भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्याच्याजवळ आली. त्याच्या कानावरची पेन्सिल घेतली, त्याच्या मांडीवरच्या ड्रॉइंगवर पहिल्या अठराशेजारी आणखी एक अठरा लिहिलं.

"पोरीला यातलं काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "उठा आता, सावकाश उठा. चार नाही, आठ पाय करायचेत."