गिलाव्याखालचं बी

मी चिबडाचं बी बोलतंय. दिवाळीचे दिवे विझले, माझी बोलायची वेळ झाली. ऐकाल तर उपकार.

डिचोलीकडच्या एका खाणीच्या गावात कमलाक्षीनं मला जन्माला घातलं. भात कापलं की ती मळ्यात चिबूड लावी. गोड फळं घरात खायला. बियाण्याला मात्र विहिरीपासून सगळ्यात लांबच्या, पाण्यावाचून तगलेल्या वेलाचं फळ.

शेजारीण सुलोचना हसायची. “गोड पोटात, आणि ह्यां फिक्यां कित्याक राखतंस गो?”

“लाडाचां पोर तान सोसणा नाय, बाये.”

तिनं आम्हांला शेणात कालवलं, चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर थापलं. अंगठ्याचा ठसा अजून माझ्या पाठीवर आहे.

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात खाणीचा खड्डा विहिरींच्याही खाली गेला. पंप रात्रंदिवस पाणी उपसत. विहिरी आटल्या, सगळ्यांचे वेल करपले. कमलाक्षीचे तेवढे धरले. फळ लहान, सालीला जाड, पण चुलीवर भाजी शिजत होती. मग हसणारी सुलोचनाच बियांसाठी ओंजळ पसरून आली. “भात कापल्यार सगळ्यांक दितंय,” कमलाक्षी म्हणाली.

श्रावणात ती लेकीच्या बाळंतपणाला केरीला गेली. मुलगा गौरेश खनिजाचा ट्रक चालवायचा. आईला गणपतीच्या चवथीला नवी भिंत दाखवायची म्हणून त्यानं चुलीमागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायला गवंडी लावले.

ती परतली. “आये, बघ! आरशी कशी दिसता मा?”

“हंयच्यो शेणी खंय गेल्यो?”

“त्यो? न्हाणीत जाळलंय. सुक्यो बऱ्यो होत्यो.”

“तेंच्यात बी होतां रे.”

“बी? शेणीत?”

“ह्याच घरात जल्मलंस मा रे तू?” एवढंच बोलली. चवथीचे लाडू वळले, पण एकही तोंडात घातला नाही.

त्यानं बाजारातून बियांचं पाकीट आणलं. रोपं तरारली, पाणी मागू लागली, माघात मेली. सुलोचना आली तेव्हा कमलाक्षीनं नुसते हात झटकले. “जळलां.”

जळलं नाही गो! कोपऱ्यातल्या खळग्यात एक शेणी राहिली होती. आळशी गवंड्यानं तिच्यावरच सिमेंट ओढलं. तिच्यात आम्ही पाच जणं. चुलीशी बसतेस तिथं, तुझ्या डोक्यापासून हातभर वर.

बी तीन-चार वर्षं जगतं. दोन सरली. काल तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं, “रे गौरेशा, हंय एक खिळो मार, दिवो टांगतंय.”

मार रे गौरेशा, सिमेंट फुटलं की आम्ही बाहेर!

“नको आये,” तो म्हणाला. “बरो गिलावो फुटात.”